कुंदाचा रद्द कागद

कुंदा साळवेच्या शेडवर गाडी घेऊन गेलेला माणूस पहिल्याच दिवशी गाडी तिथं सोडून परत आला, असं मी तरी कधी पाहिलं नाही. गाडी आली तशी परत जायची आणि माणसाच्या हातात एक वही यायची. शाळेतली, दुरेघी, शंभर पानी.

"आठ दिवस लिहा," कुंदा सांगायची. "गाडी कुठं नेली, पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं, शेजारी कोण बसलं हुतं, एसी लावला का न्हाई, आन् कुठं शिवी दिली."

माणूस बुचकळ्यात पडायचा. तो बिचारा पुण्याहून दीड तास ट्रकांच्या मागून रखडत शिरूरला आलेला. कुठल्या कंपनीचा कॉम्प्युटर बसवायचा हे मोबाइलवर बघून ठरवून आलेला. आणि ही बाई त्याला गृहपाठ देतेय! एकानं विचारलंच, "शिव्या कशाला लिहायच्या, मॅडम?"

"तुमी जिथं शिवी देता तिथं गाडीचं कायतरी चुकतंय. मला तेवढंच पायजे. बाकी सगळं गाडी सांगती."

आता हा कॉम्प्युटर म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हल्लीच्या गाडीत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे डब्याएवढी एक पेटी ठरवते. कंपनी ती पेटी सगळ्यांना चालेल अशी बनवते. म्हणजे लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत कुणीही, कसलंही पेट्रोल घालून, कशीही चालवली तरी इंजिन टिकावं. पण स्पोर्ट्स कारवाल्यांना टिकण्यापेक्षा पळण्याची हौस. मग ते बाहेरून दुसरी पेटी आणून बसवतात. ती पेटी कोरी असते. तिला त्या एका इंजिनाची सगळी माहिती, आकडा आकडा करून शिकवावी लागते. त्याला ट्यूनिंग म्हणतात, आणि ते कुंदा करायची. कुठे? तर शिरूर-न्हावरे रस्त्याला, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. गाडीची चाकं फिरवून ताकद मोजायचे रोलर तिनं जिथं बसवले होते, तिथं पूर्वी अडीच हजार कोंबड्या होत्या. पावसाळ्यात त्यांचा वास परत यायचा. तो एवढा यायचा की कोंबड्या गेल्यात यावर विश्वास बसू नये.

मी तिला ओळखतो ते सणसवाडीपासून. एका इंजिन बनवणाऱ्या कंपनीत मी टेस्टिंगला पंचवीस वर्षं काढली. कुंदा तिथं डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून आली. दौंडची. वडील रेल्वेत गँगमन, बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. फोन उचलला की "जयभीम, बोला," आणि समोरचा पाल्हाळ लावायला लागला की "मुद्द्यावर या." पहिल्या आठवड्यातच तिनं माझी एक चूक काढली. मी भडकलो. मी भडकतो, हे माझ्या बायकोपासून सिक्युरिटीच्या माणसापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ती शांतपणे उभी राहिली, माझं ओरडून संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "झालं का साहेब? आता आकडा बघा." आकडा तिचाच बरोबर होता.

तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. वायरींना खुणा करायला ती नेलपॉलिश वापरायची. लाल म्हणजे ठिणगीची, गुलाबी म्हणजे पेट्रोलची, जांभळी म्हणजे हात लावू नये. शिरूरच्या बाजारातला बांगडीवाला तिला बघितलं की नवीन रंग काढून ठेवायचा. एकदा त्याला राहवलं नाही. "ताई, एवढं घेता, पण नखं तर कोरीच दिसत्यात?" कुंदा म्हणाली, "माझ्या न्हाई, गाडीच्या लावते." तो नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे संशयानं बघायचा, जणू मीच बाईला वेड लावलंय.

टेस्टिंगची माणसं आपल्या कानाचा फार अभिमान बाळगतात. मीही बाळगायचो. आवाजावरून इंजिनाची नाडी ओळखतो, वगैरे. कुंदाला हे अजिबात मान्य नव्हतं. एकदा कंपनीत परदेशी पाहुणे आले होते. इंजिन तीनशे तासांच्या चाचणीवर, पाहुणे काचेपलीकडे, डायरेक्टरसाहेब कौतुक करतायत. आणि कुंदानं लाल बटण दाबून इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांतता. डायरेक्टरसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

"काय झालं?" मी तिच्या अंगावर ओरडलो. "आवाज तर उत्तम होता!"

"साहेब, कान लबाड असतो. त्याला जे ऐकायचं असतं त्येच ऐकतो. ऑइलचं प्रेशर बघा, गेल्या वीस मिनिटांत कसं खाली आलंय."

पडद्यावरची रेघ केसभर खाली आली होती. दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं तर आतली बेअरिंग खाल्लेली, तांबं दिसत होतं. आणखी तासभर चाललं असतं तर पाहुण्यांसमोर लोखंडाचे तुकडे उडाले असते. पण शाबासकी कुणी दिली नाही. लक्षात राहिलं ते इतकंच, की साळवे पाहुण्यांसमोर मशीन बंद करते.

दोन वर्षांनी सेक्शनच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ती तिची होती. दिली दुसऱ्यालाच, तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या, गोड बोलणाऱ्या एका गृहस्थाला. निर्णय झाला त्या खोलीत मी हजर होतो आणि मी तोंड उघडलं नाही. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, आता जास्त वाटते. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "साहेब, तुमी बोलला असता तरी काय फरक पडला नसता. पण बोलायचं हुतं." एवढं म्हणून ती गेली. मी दिवसभर जेवलो नाही.

मी निवृत्त होऊन शिरूरला राहायला आल्यावर मात्र तिनं माझ्याशी अबोला वगैरे काही धरला नाही. रविवारी सकाळी मी तिच्या शेडवर चहाला जाऊ लागलो. आधी चहाला, मग फुकट सल्ले द्यायला. सल्ले ती ऐकून घ्यायची आणि स्वतःच्या मनाचंच करायची.

गिऱ्हाइकं कसली कसली यायची! वाघोलीचा एक पोरगा आला. त्याला सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखा आवाज हवा होता. कुंदानं त्याची वही चाळली. "घरी कोण कोण असतं?" "आई-बाबा आणि आजोबा. आजोबांचं हार्टचं ऑपरेशन झालंय." कुंदानं वही मिटली. "फटाके लक्ष्मीपूजनाला लावायचे असत्यात. तुज्या गाडीला मी सरळ सुरू व्हायला शिकवते. घरी जा." त्याची गाडी सकाळी थंडीत तीनदा बंद पडायची, हे त्यानं स्वतःच वहीत लिहिलं होतं, फक्त त्याला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. कुंदाचं म्हणणं असं, की गाडी पळवायला कुणीही शिकवतं, तिला उभं राहायला शिकवणं अवघड. सिग्नलला, एसी लावून, शिक्रापूरच्या चौकातल्या त्या अघोरी गर्दीत, न थरथरता उभी राहिली तर ट्यूनिंग जमलं.

आता रावसाहेब आप्पांकडे येतो. आप्पा न्हावऱ्याकडचे ऊस बागायतदार. साठी ओलांडलेली, पांढरा पायजमा, टोपी, आवाज असा की विहिरीच्या पलीकडून हाक मारली तर बैल थांबतील. घरात दोन ट्रॅक्टर आणि एक जीप असताना त्यांनी पुण्याहून एक जुनी, पिवळीजर्द, दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार आणली. का, तर लहानपणी न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर तसली गाडी पाहिली होती. त्यांच्या बायकोनं, इंदूमावशींनी, एकदा वाकून आत डोकावलं आणि जाहीर केलं, "ह्यात बसायचं म्हंजी आडात उतरायचं. मी न्हाई बसायची." आणि त्या वर्षभर बसल्या नाहीत.

गाडी एवढी खाली की प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायचं. आप्पांनी यावर गावचा उपाय केला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे गाडी नेली आणि पोटाखाली एक भक्कम लोखंडी पत्रा वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंग करताना गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवायची असते. पण हे ट्रॉलीवाल्याला कसं ठाऊक असणार? ट्रॉलीला बॅटरीच नसते! पत्रा फर्स्टक्लास बसला आणि गाडीचा कॉम्प्युटर जागच्या जागी जळून गेला.

त्या गाडीचा मूळ कॉम्प्युटर कुठे मिळेना. तेव्हा बाहेरचाच बसवायचा ठरलं, आणि आप्पा ट्रॅक्टरला गाडी बांधून कुंदाच्या दारात आले. कुंदानं वही पुढे केली.

"अवो ताई, गाडी बंद हाय. काय लिहू?"

"जीपवर लिहा. मानूस तोच हाय ना?"

ती वही मी वाचली आहे. साहित्य होतं ते! "सोमवार. सोसायटीत गेलो. वाटेत तात्या भेटला. गाडी चालू ठेवून बोललो, अर्धा तास. शिवी दिली, पण तात्याला." आठ दिवस हेच. आप्पा पाच किलोमीटर जायचे आणि चार ठिकाणी इंजिन चालू ठेवून गप्पा मारायचे. पुतण्यानं मात्र त्यांना सांगून ठेवलं होतं की शर्यतीत वापरतात तो सगळ्यात भारी कॉम्प्युटर घ्या. कुंदानं बाजारात मिळणाऱ्या तीन कॉम्प्युटरची माहिती काढली. टेबलावर कागद मांडले आणि स्थळं दाखवावीत तशी आप्पांना एकेक दाखवली.

"हा स्वस्तातला. ह्यो मूळ कॉम्प्युटरच्या खांद्यावर बसून काम करतो. तुमचा मूळ जळाला, मग ह्यो बसणार कुठं? गेला. हा तुमच्या पुतण्याचा, शर्यतीचा. ह्यो पैलवान हाय आप्पा, ह्याला तालमीतच शोभतो. एसी लावून पारावर अर्धा तास उभा करा, तापून मरंल. आन् हा तिसरा. ह्याला पंखा सांभाळता येतो, एसी सांभाळता येतो, इंजिन आतून ठोकायला लागलं तर कळतं. संसारी हाय."

आप्पांनी डोकं खाजवलं. "पण पळंल ना?"

"पळंल. तुमी पळवली तर."

संसारी कॉम्प्युटर आला. तीन आठवडे कुंदा वायरींना नेलपॉलिश लावत बसली. शनिवारी दुपारी रोलरवर गाडी चढवायची ठरली, आणि इथून पुढचं ऐका.

आप्पा एकटे आले नाहीत. दोन जीप भरून माणसं, नारळ, हार, पाच किलो पेढे. पुण्याच्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा एक क्लब होता, त्यांचा रविवारी दौंडकडे नाश्त्याला यायचा बेत होता. तिथल्या एका बंद कारखान्याच्या आवारात सरळ रस्ता आहे, त्यावर ते गाड्या पळवून वेळ मोजणार होते. आप्पांनी त्यांना कळवून टाकलं होतं, मीही येतो. कुंदासाठीही हा मोठा दिवस होता. पोल्ट्रीच्या शेडमधल्या बाईकडे क्लबची वीस-पंचवीस माणसं अजून हसूनच बघत होती. ही गाडी त्यांच्यासमोर चालली तर शेड चालणार होतं. नाहीतर ती पुन्हा कुठल्यातरी कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणार होती. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं.

गाडी रोलरवर चढवण्याआधी टाकीतलं पेट्रोल तपासायचा तिचा एक नियम होता. काचेच्या उभ्या मापात पेट्रोल घ्यायचं, थोडं पाणी घालायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालची पातळी वर येते. किती वर आली त्यावरून इथेनॉल किती ते कळतं. इंजिनाचं पेट्रोलपाणी माहीत नसताना ठिणगीची वेळ ठरवणं म्हणजे पत्ता माहीत नसताना पत्र टाकणं, असं ती म्हणायची. त्या दिवशी पेट्रोलची नळी काढताना सांडणारं थोडं तिनं एका बाटलीत धरलं आणि माप हातात घेतलं. तेवढ्यात मी बोललो. हो, मीच.

"अगं, आप्पांचं पेट्रोल काय तपासतेस? ते काय रॉकेल ओतणार आहेत? माणसं खोळंबलीत."

सगळे हसले. कुंदानं एकदा माझ्याकडे, एकदा पेढ्यांकडे पाहिलं आणि माप खाली ठेवलं.

रोलर फिरले. पत्रे थरथरले, टोप्या उडाल्या. कुंदा लॅपटॉपवर ठिणगीची वेळ थोडी थोडी पुढे घेत होती आणि इंजिन तक्रार न करता ताकद देत होतं. तिला एकशे नव्वद अश्वशक्तीची आशा होती. कागद छापून आला, दोनशे बारा! आप्पांनी तो कागद देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला, फोटो काढला आणि क्लबच्या ग्रुपवर टाकला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील. कुंदा हसली, पण कपाळावर आठी होती.

रविवारी सकाळी मी चहाला गेलो तेव्हा ती आठी तशीच होती. चहा गार झाला होता.

"साहेब, काल इंजिन सगळीकडं नऊ टक्के जादा पेट्रोल मागत हुतं. मी म्हणाले, माझाच हिशोब चुकला आसंल. पण सगळीकडं नऊ कसं?" बोलता बोलता तिनं कालची ती बाटली उचलली, मापात ओतली, पाणी घातलं, हलवलं आणि खिडकीत ठेवलं. दहाच्या खुणेवरचं पाणी नेहमी विसापर्यंत चढतं. ते तिसाजवळ जाऊन थांबलं.

म्हणजे इथेनॉल नेहमीच्या दुप्पट. तिनं आप्पांच्या घरी फोन लावला. पुतण्यानं उचलला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "व्हय, काकांनी टाकीत स्पिरिट ओतलं हुतं ना! कारखान्यातनं कॅन आणला हुता. आपल्याच उसाच्या मळीचं हाय, म्हणाले, गाडीला जोर येईल." आणि आज? "आज निघताना पंपावर टाकी फुल केली की. काका न् काकी आताच गेले दौंडला."

काकी! इंदूमावशी वर्षभरात पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या होत्या.

भानगड अशी होती. स्पिरिट म्हणजे निव्वळ इथेनॉलच. जास्त इथेनॉल असलं की इंजिन पुढे घेतलेली ठिणगी सहन करतं. साधं पेट्रोल ती सहन करत नाही. आतल्या आत ठोके बसायला लागतात, आणि पूर्ण जोर दिला तर मिनिटभरात पिस्टनला भोक. हे ठोके ओळखून इंजिनाला आवरणारा भाग कॉम्प्युटरमध्ये होता, पण गाडी आठ दिवस रस्त्यावर फिरवून मग तो चालू करायचा, अशी कुंदाची रीत. म्हणजे आप्पा त्या सरळ रस्त्यावर मावशींना शेजारी बसवून ॲक्सिलरेटर तळाला लावणार, आणि भर वेगात इंजिन फुटणार.

"फोन लाव त्यांना!"

"गाडी चालवताना आप्पा फोन उचलत न्हाईत. मीच शिस्त लावलीय," कुंदा म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून तिच्या जुन्या व्हॅनकडे धावली. मीही धावलो. माझ्या वयाला न शोभेल असा धावलो.

न्हावऱ्यापर्यंत मी तिच्यावर ओरडत होतो, त्यानंतर आप्पांवर, मग सगळ्या साखर कारखान्यांवर. ती व्हॅन पळवत होती. उसाच्या एका ट्रॉलीमागे अडकलो तेव्हा फक्त म्हणाली, "मी माप खाली ठिवलं." मी म्हटलं, "मी ठेवायला लावलं." "हात माजा हुता," ती म्हणाली.

दौंडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बंद फाटक बघून देवाचे आभार मानले. रांगेत सातव्या नंबरला, दुधाच्या टेम्पोमागे, पिवळी गाडी उभी. इंजिन चालू, आप्पा खिडकीतून टेम्पोवाल्याशी गप्पा मारतायत. मावशी आत रुतून बसलेल्या, मांडीवर धपाट्यांचा डबा.

कुंदानं जाऊन सरळ हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"आरं! ताई?"

"आप्पा, कालचा कागद खोटा हाय. ह्या गाडीत दोनशे बाराची ताकद न्हाई. टाकीत स्पिरिट हुतं आन् मी तपासलं न्हाई. आज तुमी जोरात दाबली असती तर इंजिन फुटलं असतं."

मागच्या गाड्यांचे लोक खाली उतरून ऐकायला लागले होते. आप्पांचा चेहरा उतरला. "ताई, मी ग्रुपवर टाकलंय. चार लोकांत माजी लाज जाईल. आजच्या दिवस राहू द्या की तसंच. मी हळू चालवतो."

"हळू चालवाल? पंचवीस गाड्यांच्या पुढं?"

आप्पा स्टिअरिंग पुसायला लागले.

"आप्पा, इंजिन गेलं असतं तर मी दुसरं बसवून दिलं असतं. माजं शेड गेलं असतं, जाऊ दे. पर शेजारी मावशी बसल्यात."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. "स्पिरिट वतलं? गाडीत? आवो, गुऱ्हाळावरच्या म्हशीला तरी कुनी रस पाजतं का?" टेम्पोवाला खो खो हसला. मग मावशी कुंदाला म्हणाल्या, "तू कर बाई काय करायचं त्ये. ह्यांचं ऐकू नगं. मी हाय."

बॉनेटवर लॅपटॉप ठेवून, मागून हॉर्न वाजत असताना, फाटक उघडून पुन्हा बंद झालं तरी न हलता कुंदानं ठिणगीची वेळ पार मागे घेतली, कालच्या सुरुवातीच्याही मागे, कंपनीच्या गाडीइतकी सोज्वळ केली. ठोके ओळखणारा भागही तिथंच चालू केला. "आता पळवा. पर लै पळणार न्हाई," ती म्हणाली.

खरंच पळाली नाही. दौंडला त्या आवारात पिवळी गाडी शेवटून तिसरी आली. क्लबच्या मंडळींनी मोबाइल काढले, दोनशे बाराचा फोटो उघडला, आणि एक चष्मेवाले गृहस्थ फार गोड आवाजात म्हणाले, "काय आप्पा, घोडे वाटेत उतरले वाटतं?" हशा पिकला. कुंदा पुढे गेली. "आकडा माझा चुकला," ती म्हणाली. "पेट्रोल तपासायचं काम माझं हुतं. मी केलं न्हाई."

आणि आप्पा, ज्यांची लाज जाणार होती ते आप्पा, टोपी काढून म्हणाले, "ओ, थांबा! चूक माजी हाय. मी स्पिरिट वतलं. ह्या बाईनं फाटकापर्यंत पाठलाग करून माजी मंडळी वाचवली."

"आप्पा, तपासणं माझं काम हाय."

"वतलं मी!"

"दोघंही गप्प बसा," मी ओरडलो. "तपासू नकोस असं मी सांगितलं. पंचवीस वर्षं टेस्टिंगला काढलेल्या माणसानं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी क्लबमधल्या एकानंही तिला काम दिलं नाही. धपाटी मात्र सगळ्यांनी खाल्ली, चष्मेवाल्यांनी तर चार. पुढचे दोन महिने शेड जवळजवळ रिकामं होतं. आप्पा मात्र दर बुधवारी यायचे, पेट्रोलमधलं इथेनॉल आपोआप ओळखणारा सेन्सर बसवून घ्यायला आले आणि मग येतच राहिले.

मी आता कोल्हापूरला मुलीकडे राहायला आलोय. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो होतो. बाकीच्या ट्यूनरांच्या भिंतीवर त्यांनी काढलेले मोठमोठे आकडे चौकटीत लावलेले असतात. कुंदाच्या भिंतीवर एकच कागद होता, दोनशे बाराचा. त्यावर लाल नेलपॉलिशची फुली, खाली 'रद्द' आणि तिची सही. दौंडचे एक डॉक्टर आठ दिवसांची वही भरून निळी गाडी घेऊन आले होते, आणि गाडीला हात लावायच्या आधी कुंदा त्यांना तो कागद समजावून सांगत होती, कुठे चुकलं, कसं चुकलं, सगळं, पहिल्यापासून. डॉक्टर चकित होऊन म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला स्वतःची चूक कोण सांगतं?"

"तुमच्या गाडीला हात लावणार हाय मी. तुमाला म्हाईत पायजे."

डॉक्टरांनी किल्ली टेबलावर ठेवली. अंगणात त्याआधीच चार गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक त्या चष्मेवाल्या गृहस्थांची. मी शेडच्या आवाराबाहेर पडलो तरी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आप्पांचा आवाज येत होता, "डॉक्टर, तिचं ऐकू नका, वतलं मी हुतं!" आणि त्यावर कुंदाचा, "आप्पा, तपासलं कुनी न्हाई?"